दहा सेकंदांचा खेळ, दोन दिवसांचा प्रेक्षक

आमच्या भंडारा जिल्ह्यात खेळ दहा सेकंदांचा असतो आणि प्रेक्षक दोन दिवसांचा. खेळाचं नाव शंकरपट. धान कापून झालं, चुरून झालं, विकून पैसे यायचे बाकी राहिले, की लाखनी, साकोली, लाखांदूर, पवनी या सगळ्या पट्ट्यात पटाचे बॅनर लागायला सुरुवात होते. बॅनरवर धावणारी बैलजोडी एका कोपऱ्यात असते. उरलेल्या जागेत, ज्यांनी जन्मात बैलाचा कासरा धरला नाही असे लोक हात जोडून उभे असतात. त्यांना पाहून बैल पळत असावेत, अशी एक शंका लहानपणी यायची. अजूनही येते.

पट म्हणजे आमची दुसरी दिवाळी. लेकी माहेरी येतात, जवाईबापू मागोमाग येतात, त्यांचे भाऊ 'सहज' येतात. त्या 'सहज' आलेल्या भावांसाठी गावातल्या दोन-तीन घरांत पोहे तयार असतात आणि पोरगी साडी नेसून तयार असते. पटाच्या गर्दीत किती लग्नं जुळली याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही; पण किती जोड्या पळाल्या याचा मात्र आहे, आणि त्यावर एकमत नाही.

राज्यातल्या बाकी लोकांना बैलांची शर्यत म्हटलं की पुणे जिल्ह्यातला बैलगाडा आठवतो. खेड-जुन्नरकडे चार बैल, त्यांच्या पुढे घोडी, असा सगळा परिवारच घाट चढत सुटतो. आमच्याकडे दोनच बैल, एक हलका छकडा आणि त्यावर कसाबसा टेकलेला एक धुरकरी. कुठे दोन जोड्या शेजारी-शेजारी सोडतात, कुठे एकेक जोडी सोडून घड्याळ लावतात. तिकडे अमरावती जिल्ह्यात तळेगाव दशासरला तर बायकाही जोड्या हाकतात. पद्धत कोणतीही असो, दहा सेकंदांच्या आतबाहेर सगळं संपलेलं असतं. शंभर मीटरची ऑलिंपिक शर्यतही एवढ्याच वेळात संपते, पण त्यासाठी कुणी आदल्या रात्री ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत झोपून जागा धरत नाही.

जोडी सुटते म्हणजे काय होतं, ते जरा जवळ जाऊन पाहू. पटाच्या एका टोकाला जोडी आणतात. शिंगं रंगवलेली, कपाळावर गुलाल, अंगावर झूल. झूल काढतात. दोन माणसं समोरून वेसण धरतात, एक जण पाठीवर थाप देतो, एक जण बैलाच्या कानात काहीतरी सांगतो. काय सांगतो ते कळत नाही, पण सांगताना चेहरा कर्जाच्या हप्त्याबद्दल बोलावा तसा असतो. डावीकडचा बैल आडवा होतो. त्याला सरळ करतात. मग उजवीकडचा आडवा होतो. तोपर्यंत डावीकडचा शेण टाकतो. 'हलका झाला, आता पळते!' असा शास्त्रीय अभिप्राय मागून येतो. लाउडस्पीकरवरचा माणूस सकाळपासून एकच वाक्य म्हणत असतो, 'पटावरच्या मंडळींनी मागं सरकावं, ओ लाल शर्ट, तुम्हालाच म्हणून रायलो!' लाल शर्टवाले सतरा जण मागे सरकतात. ज्याला म्हटलं होतं तो तिथेच उभा राहतो, कारण त्याचा शर्ट त्याच्या मते भगवा असतो.

असं होता होता वीस मिनिटं जातात. उन्हं डोक्यावर आलेली, पाय भरून आलेले. अशा वेळी शेजारी टोपली घेऊन फल्लीदाणेवाला येतो. दहाची नोट देऊन उरलेले पैसे घेण्यासाठी हात पुढे करतो न करतो तोच 'गेली, गेली, गेली!' असा एकच कल्ला उठतो. मान वळवावी तर समोर धूळ. धुळीच्या पलीकडे एक टोपी हवेत. तिच्याही पलीकडे, पार शेवटच्या खुणेपुढे, जोडीला आवरायला धावणारी माणसं. संपलं.

त्या क्षणी पटावर दहा हजार माणसं असतील तर त्यांतली निम्मी काय करत होती, हे मी बऱ्याच पटांमध्ये बारकाईने पाहिलं आहे. काही सुटे पैसे मोजत होती. काही पोरगं कुठे गेलं म्हणून मागे पाहत होती. एक मोठा गट आलुबोंड्याच्या गाडीपाशी उभा होता आणि तिथे तर्री वाढणाऱ्याच्या हातावर नजर ठेवणं जास्त गरजेचं होतं. मोहाच्या झाडावर चढलेल्यांना पानं आडवी आली. उरलेल्यांपुढे एक उंच माणूस उभा होता. हा उंच माणूस प्रत्येक पटात असतो, त्याने फेटा बांधलेला असतो आणि तो कोणत्या गावचा हे कुणालाच ठाऊक नसतं.

पण संध्याकाळी पारावर विचारा. दहाच्या दहा हजार लोकांनी ती जोडी पाहिलेली असते. नुसती पाहिलेली नाही, तर धुरकऱ्याने कुठे कासरा ढिला सोडला, डावीकडच्या बैलाने कुठे मान खाली घातली, कोणत्या ढेकळावर चाक उडालं, सगळं. 'म्या आपल्या डोऱ्यानं पायलो गा!' असं म्हणून जो छातीवर हात ठेवतो, तो तेव्हा तर्रीच्या रांगेत माझ्या पुढेच उभा होता.

माझ्या मते खेळातला थरार मैदानात होत नाही. तिथे फक्त बियाणं पडतं; पीक पारावर येतं. आमचे मोठेबाबा यातले प्रगतिशील शेतकरी. त्यांच्याकडे एका पटाची गोष्ट आहे. वैनगंगेच्या पलीकडची एक जोडी आली होती, आणि अर्ध्या पटात एका बैलाचा पाय घसरला, तरी तिने नंबर मारला. मी लहान होतो तेव्हा गोष्ट एवढीच होती. मी कॉलेजात गेलो तेव्हा बैल गुडघ्यावर आला होता आणि उठून पळाला होता. माझं लग्न झालं त्या वर्षी धुरकरी छकड्यावरून पडला, पण कासरा त्याने सोडला नाही. आता अलीकडे माझ्या पोराला सांगताना धुरकरी सुरुवातीलाच पडतो, जोडी एकटी पळते, पहिली येते, आणि शेवटच्या खुणेशी आपणहून थांबून मागे वळून मालकाची वाट पाहते. पोराने विचारलं, 'आजोबा, मग घड्याळ कोणी लावलं होतं?' मोठेबाबांनी त्याच्याकडे असं पाहिलं की आमच्या घरातलं मराठी माध्यम गेलं ते बरं झालं नाही, असा त्याचा अर्थ होता.

या पिकाला खरा पाऊस लागला तो बंदीचा. सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी बैलांच्या शर्यतींवर बंदी आणली. ती उगाच आली नव्हती, हेही सांगितलं पाहिजे. शेपूट पिरगाळणं, बैल हाकायच्या तुतारीची आर टोचणं, आणखी नाही नाही ते प्रकार पटावर चालत, आणि ते पाहिलेलं कुणी पारावर सांगत नसे. तेवढ्यापुरते सगळेच तर्रीच्या रांगेत होते. २०१७ मध्ये राज्याने कायदा दुरुस्त केला, तो मुंबई उच्च न्यायालयात अडकला. १६ डिसेंबर २०२१ला सर्वोच्च न्यायालयाने अटी घालून परवानगी दिली आणि १८ मे २०२३ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. मे २०१४ ते डिसेंबर २०२१. साडेसात वर्षं. शनीनेसुद्धा हिशेबात हयगय केली नाही.

या साडेसातीत जिल्ह्यातले बैल जितक्या वेगाने धावले तितके आधी कधी धावले नव्हते आणि पुढे धावतील असं वाटत नाही. कारण पट बंद होते. रोज संध्याकाळी पारावर जुन्या जोड्या सुटत, आणि खोडून काढायला नवी जोडी नव्हती. दहा सेकंदांचे नऊ झाले, नवाचे आठ. बंदी आणखी दोन वर्षं राहिली असती तर एखादी जोडी सुटण्याआधीच पोचली असती. शिवाय दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रा आणि रात्रीची नाटकं चालूच होती, त्यामुळे पाहुणे येतच राहिले. पाहुणे आले म्हणजे त्यांना काहीतरी सांगणं भाग होतं.

मध्यंतरीच्या काळात गावाने ही सगळी शक्ती क्रिकेटकडे वळवली असं कुणाला वाटेल. तसं नाही. क्रिकेट आधीपासूनच होतं, आणि त्याला पटाचेच नियम लागू होते.

२२ एप्रिल १९९८ची ती शारजाची रात्र सगळ्यांना आठवते. ऑस्ट्रेलियाविरुद्धचा सामना, सचिन मैदानात, आणि मध्येच वाळूचं वादळ आलं. आमच्या गल्लीत तेव्हा एकाच घरी बरा टीव्ही होता आणि त्याचं चित्र कौलावरच्या वायरीच्या मर्जीवर चालायचं. वादळ आलं तसं पडद्यावर सगळं पिवळं-धुरकट झालं, खेळाडू दिसेनासे झाले. घरमालकाने रीतीप्रमाणे धाकट्याला कौलावर चढवलं. एप्रिलचा महिना, आमच्याकडेही वावटळी सुटलेल्या. तो वरून वायर हलवतो आहे, 'आलं का?' खालून पन्नास जण, 'नाही आलं!' 'आता?' 'नाही! उजवीकडं फिरव ना बे!' शारजात खेळाडू जमिनीवर पडून राहिले होते आणि भंडारा जिल्ह्यात तीन कौलं फुटली होती. काही वेळाने वादळ ओसरलं. चित्र लख्ख झालं. खालून जल्लोष उठला, 'आलं, आलं! आता हलवू नको!' त्यानंतर सचिनने जे केलं ते सर्वज्ञात आहे. १४३ धावा, सामना हरलो तरी अंतिम फेरी गाठली, आणि २४ तारखेला, स्वतःच्या पंचविसाव्या वाढदिवशी, त्याने १३४ काढून करंडकही आणला. पण त्या खेळीचं अर्धं श्रेय कुणाचं, याबद्दल आमच्या गल्लीत दुमत नाही. तो धाकटा आता चांगला दुकानदार झाला आहे. शारजाचा विषय निघाला की तो अजून म्हणतो, 'मी वायर धरून होतो म्हणून.' आपण ज्या क्षणाचे साक्षीदार, तो क्षण त्याने कौलाकडे तोंड करून काढला, हे त्याच्या गावीही नाही.

त्याहून मोठा त्याग मात्र २ एप्रिल २०११ला आमच्या काकांच्या जवायांनी केला. विश्वचषकाचा अंतिम सामना, श्रीलंकेच्या २७४ धावा. सेहवाग दुसऱ्याच चेंडूवर गेलेला. सचिन खेळत होता. तेवढ्यात जवाईबापू मोटारसायकलवरून आले, चपला काढून उंबऱ्यात पाय ठेवला, 'किती झाले?' म्हणाले, आणि सचिन १८ वर आउट. घरात शांतता. काका जवायाला कधी अरे-तुरे करत नाहीत. त्या रात्रीही केलं नाही. ते फक्त म्हणाले, 'बापू, तुम्ही जरा गोठ्याकडं बसता का? हवा चांगली आहे तिकडं.'

जवाईबापू समजूतदार. ते गोठ्यात गेले. थोड्या वेळाने पाणी प्यायला म्हणून दारापर्यंत आले, तर कोहली गेला. मग मात्र काकूंनी त्यांचं ताट गोठ्यातच पाठवलं, पाण्याच्या तांब्यासकट. गंभीरने ९७ काढले ते त्यांनी म्हशीशेजारी बसून ऐकले. घरातून 'आऽऽ' असा आवाज आला की चौकार आणि 'अर्र' आला की निर्धाव चेंडू, एवढी भाषा त्यांनी तासाभरात शिकून घेतली. धोनीने कुलसेकराला षटकार ठोकला, २८ वर्षांनी कप आला, वानखेडेवर मुंबई रडली. गोठ्यात जवाईबापूंना आधी म्हैस बुजल्याचं कळलं आणि मग फटाक्यांचं. सगळे नाचत बाहेर आले आणि काकांनी जवायाला मिठी मारली. आमच्या भागात सासऱ्याने जवायाला मिठी मारण्याची रीत नाही. पुढे २०२३च्या नोव्हेंबरमध्ये अहमदाबादला आपण हरलो, तेव्हा घरातल्या सगळ्यांनी एकच चूक काढली. जवाईबापूंनी आता नवं घर बांधलं होतं, आणि त्याला गोठा नव्हता.

रणजीचं मात्र वेगळं. विदर्भाचा संघ १९५७-५८पासून रणजी खेळत होता, आणि इतकी वर्षं आम्ही त्याच्याकडे दूरच्या नातेवाइकासारखं पाहिलं नाही, तर पाहिलंच नाही. डिसेंबर २०१७मध्ये कोलकात्याला उपांत्य सामन्यात त्याने कर्नाटकाला अवघ्या ५ धावांनी हरवलं. इंदूरच्या अंतिम सामन्यात रजनीश गुरबानी नावाच्या पोराने, जो शिकून इंजिनिअर झालेला आहे, दिल्लीविरुद्ध हॅट्ट्रिक घेतली. १ जानेवारी २०१८ला वसीम जाफरने चौकार मारला आणि फैज फजलच्या हातात करंडक आला. सहा दशकांची प्रतीक्षा संपली, आणि ती चालू होती हे आम्हाला दुसऱ्या दिवशी पेपरात कळलं. पण पेपर वाचून चहा संपेपर्यंत पारावर तिघे जण असे निघाले की ज्यांनी ते 'तवाच म्हटलं होतं'. एकाने तर गुरबानीचा चेंडू आत कसा वळला ते हातातल्या बिस्किटाने दाखवलं. बिस्किट चहात पडलं. तेही त्रिफळाचीतच धरण्यात आलं.

आता सगळ्यांच्या हातात मोबाइल आले. पट पुन्हा सुरू झाले, जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, जनावरांच्या डॉक्टरांचा दाखला, काठी-तुतारीला मनाई, सगळं रीतसर. मला वाटलं, चला, आता व्हिडिओ आला म्हणजे पारावरची शेती बसली. पुरावाच असेल. कसला काय! गेल्या हंगामातल्या एका जोडीचे मी जितके व्हिडिओ पाहिले त्यांतल्या निम्म्यांत पुढच्या माणसाचा मोबाइल दिसतो, आणि त्या मोबाइलमध्ये त्याच्या पुढच्याचा. बाकीच्यांत आकाश आहे, एखादा अंगठा आहे, आणि 'गेली, गेली!' असा आवाज आहे. मध्यंतरी एका ठिकाणी ड्रोन आणला होता. त्याचं चित्रण फार सुरेख आलं. खाली जोडी सुटली आहे आणि दहा हजार माणसं तोंड वर करून ड्रोनकडे पाहत आहेत.

त्यातही एखादा व्हिडिओ स्वच्छ निघाला, तर तो मोठेबाबांना दाखवावा. ते चष्मा लावून, मोबाइल हातभर लांब धरून शेवटपर्यंत पाहतात आणि परत देतात. 'हे बराबर नाही घेतलं,' म्हणतात. 'यात बैल हळू दिसून रायले.'

गेल्या हंगामातल्या एका पटाचा निकाल असाच अडकला. शेवटच्या फेरीत दोन जोड्या शेजारी सुटल्या आणि अशा काही एकत्र पोचल्या की पंचांनी एकमेकांकडे पाहिलं. या गावचे म्हणत, आमच्या बैलाचं शिंग पुढे होतं. त्या गावचे म्हणत, शिंग पुढे होतं कारण तुमच्या बैलाची शिंगंच पुढे वळलेली आहेत. आमच्या बैलाचं नाक पाहा. मग शिंग धरायचं की नाक धरायचं, यावर दोन तास गेले. ज्यांची ही अंगं होती ते चौघे तोवर झुली पांघरून कडबा खात होते. अखेर आयोजकांनी पहिलं बक्षीस विभागून दिलं. एकाही पक्षाला ते पटलं नाही. हरलेलं परवडतं, वर्षभर अन्याय झाला म्हणता येतं. जिंकलेलं तर परवडतंच. विभागून मिळालेलं घरी कसं न्यायचं? मोटारसायकल होती ती.

रात्री नाटक होतं. आमच्या झाडीपट्टीत पटाच्या रात्री नाटक असतंच, मोठ्या गावात तर एकाच रात्री दोन-दोन. कंपनी वडशाहून येते, दहा-साडेदहाला घंटा होते आणि पहाटेपर्यंत कुणीतरी मरणाच्या दारात असतं. त्या रात्री म्हातारी आई होती. दोन वाजल्यापासून ती खाटेवर पडून मुलाची वाट पाहत होती, पेटीवाला तिच्या प्रत्येक उसाशाला सूर लावत होता, बाया पदराने डोळे पुसत होत्या. तेवढ्यात विनोदी नटाची एंट्री झाली. हे लोक गावात पाय ठेवताच दिवसभराची बातमी काढतात. त्याने खाटेकडे पाहिलं, प्रेक्षकांकडे पाहिलं आणि म्हणाला, 'माय, तू नाकानं चाललीस का शिंगानं?'

झालं. डावीकडून 'शिंग!' उजवीकडून 'नाक!' कुणी बेंचवर उभा राहिला, कुणी मोबाइल काढला, मागच्या बाजूला चटईवर निजलेली पोरं उठून बसली. पंच पहिल्याच रांगेत खुर्चीवर होते, त्यांनी मफलर डोक्यावरून ओढून घेतला. मुलगा विंगेत ताटकळत उभा. आयोजक हात जोडून स्टेजवर आले, बसा बसा म्हणू लागले. पटावर जे दोन तासांत सुटलं नव्हतं ते शामियान्यात पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं, जोडी कुठून सुटली, ढेकूळ कुठे होतं, धुरकऱ्याने काय केलं.

मरणारी माय काही वेळ निपचित पडून राहिली. ती कंपनीच्या गाडीतून दिवस मावळल्यावर गावात पोचलेली. पट तिने पाहिलेला नव्हता. शेवटी तिला राहवेना. कोपरावर रेलून ती अर्धवट उठली आणि पहिल्या रांगेतल्या मोठेबाबांना तिने विचारलं, 'बाबाजी, नेमकं झालं तरी काय होतं गा?'

मोठेबाबांनी टोपी सारखी केली आणि खुर्ची स्टेजजवळ ओढून घेतली. 'सुरुवातीलाच धुरकरी पडला,' ते म्हणाले.